धन्याचं ताट

काशीदजवळच्या आमच्या पोस्टच्या लॉगबुकात माझ्या हातची एक नोंद खोटी आहे. चौकशीत ती उघडी पडली नाही. माझ्या बायकोला ती माहीत नाही, आणि दर रविवारी चर्चच्या मंडळीत ज्यांच्या बाकावर मी बसतो त्यांनाही नाही. मंडळीच्या मासिकासाठी पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो असा: ख्रिस्ताचा अधिकार रोजच्या जगण्यात कसा मानावा, हे एका सैनिकानं सांगावं. मी दोन महिने टाळाटाळ केली. या विषयावर माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच आहे, आणि त्यात मी चांगला दिसत नाही.

पासष्ट साली लढाई सुरू झाली तेव्हा माझी सतरा वर्षं सर्व्हिस झाली होती. मी हवालदार होतो. आमच्या कंपनीला कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर टेहळणीचं काम मिळालं. काशीदच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेल्या एका कड्यावर माझा सेक्शन बसला. दहा माणसं, एक दुर्बीण, दोन तंबू. कड्यावर टॉप पोस्ट, खाली खडकांवर लोअर पॉइंट. पायवाटेनं उतरायला सहा मिनिटं, चढायला दहा. मध्ये फील्ड टेलिफोनची वायर. दोराचं भेंडोळं वर, स्टोअरच्या तंबूत. लोअर पॉइंटवर नेहमी दोघं राहतील, अशी स्टँडिंग ऑर्डर होती.

कंपनीकडून ताकीद आली होती की समुद्रातून अनोळखी माणसं उतरू शकतात. कुणी अन्न बाजूला काढत असेल, किनाऱ्यावरून खुणा करत असेल, तर तो कोणीही असो, नजर ठेवा. मला हे सांगायची गरज नव्हती. तोवर मी कुणावरही विश्वास ठेवणं सोडलं होतं.

साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन आपापल्या जागी तयार. सातला नाश्ता. नाश्त्याला शिपाई शांतवन जाधव दोन ताटल्या घ्यायचा. वय चोवीस, अलिबागजवळचा. त्याची आई मिशनच्या शाळेत शिकवायची. स्वतःच्या वाट्यातून एक चपाती आणि थोडी डाळ तो दुसऱ्या ताटलीत काढायचा. मग टोपी उतरवायची, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावायची, डोळे मिटायचे. त्यानंतर पहिला घास.

लान्स नाईक शेलार आमचा टेलिफोनवाला. तो रोज चिडवायचा.

"जाधवा, तुझ्या पाहुण्याला सांग, आज डाळीत मीठ कमी हाय."

"त्याला सगळं चालतं. नखरे तुझेच असतात."

"पण बटणं कशाला लावतोस रे? इथं कोण बघतंय?"

"सुभेदार साहेब महिन्यातून एकदा येतात, तेव्हा आपण लावतो ना? धनी तर रोज येतो."

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दहांत तो आणि मी, दोघेच ख्रिस्ती होतो. लहानपणी आमच्या घरीही आई प्रभूच्या नावाचं ताट वाढायची. प्रार्थना झाली की ते अन्न दारी येईल त्याला जायचं. पलटणीत आल्यावर मी ते विसरलो. रविवारी चर्चचा पास काढून मी बऱ्याचदा सिनेमाला गेलो आहे. म्हणून शांतवनच्या ताटलीचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला, आणि कळल्यामुळेच संशय जास्त आला. धर्माच्या आडून काय काय करता येतं, हे मी स्वतः करून पाहिलं होतं.

नाश्त्यानंतर तो ती ताटली फडक्यात बांधून खाली न्यायचा. रिकामी परत आणायचा. एक दिवस मी हटकलं.

"कुठे नेतोस?"

"धन्याच्या नावानं काढलेलं आहे, हवालदार. जो दारी येईल त्याचं. इथं दार नाही, म्हणून मीच जातो."

"कोणाकडे?"

"खाली धाकू नाखवा आहे. एकटाच असतो म्हातारा."

धाकू कोळी खडकांमागच्या खोपटात राहून मासळी सुकवायचा. एका पायानं लंगडा. त्या खोपटात धाकूच आहे की आणखी कुणी, हे पाहायला मला सहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. संशयाला खात्री नको असते. खात्री झाली की तो संपतो.

आणखी एक गोष्ट होती. दुपारचा पेट्रोल, म्हणजे गस्त, खाडीपर्यंत जायचा. उन्हामुळे आम्ही बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवरून परतायचो आणि लॉगबुकात मी पूर्ण पेट्रोल लिहायचो. सगळ्या पोस्टवर हेच चालतं, असं मी मनाशी म्हणायचो. शांतवन एकदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हवालदार, मी खाडीपर्यंत गेलो नव्हतो. माझं नाव काढा, नाहीतर जिथवर गेलो तेवढंच लिहा."

"तुला कुणी विचारलंय?"

"कुणी नाही. पण धनी वाचतो."

बोलला अगदी साधेपणानं. आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी नाव काढलं. त्या दिवसापासून मला तो पोस्टवर नको झाला.

मग मी ठरवलं की त्याला रंगेहाथ पकडायचा. सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी त्याचा जोडीदार मी वर थांबवून घेतला. स्टोअर मोजायचंय असं कारण सांगितलं. शांतवनला लोअर पॉइंटवर एकटा पाठवला. एकटा असला की त्याचा माणूस बाहेर येईल आणि मी दुर्बिणीतून पाहीन, असा हिशेब होता. आभाळ भरलेलं होतं. वारा पश्चिमेचा, समुद्र खवळलेला.

८.३८ ला कड्याला वळसा घालून एक होडी आत आली. त्या हवेत होडी बाहेर काढण्यासारखं काही नव्हतं. आत दोन माणसं. पावसाच्या भुरभुरीत चेहरे दिसत नव्हते. शांतवन खडकावर उभा राहून टॉवेल हलवत होता. मी शेलारला म्हणालो, "बघ. खूण करतोय." होडी खडकाकडे येऊ नये म्हणून तो तिला हाकलत होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

८.४१ ला टेलिफोन वाजला. त्यावरही आम्ही वायरलेससारखंच बोलायचो: 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, 'आउट' म्हणजे बोलणं संपलं.

"टॉप, लोअर. होडी उलटली. दोन माणसं पाण्यात. दोर आणि तीन माणसं पाठवा. ओव्हर."

"माणसं कोण? ओव्हर."

"धाकू नाखवा आणि त्याचा भाऊ पोशा. ओव्हर."

"वेट. आउट."

ती नावं मला खरी वाटली नाहीत. मी सेक्शनला स्टँड-टू दिला. दोन माणसं बंदुका घेऊन उत्तरेच्या बाजूला पाठवली, पळायची वाट अडवायला. दोर तंबूतच होता.

८.४५. "टॉप, लोअर. म्हातारा दमला आहे. दोर निघाला का? ओव्हर."

"वेट. आउट."

शेलार माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "हवालदार, मी नेऊ दोर?" मी म्हणालो, "जागेवर बस."

८.४७. "टॉप, लोअर. मी उतरू का? ओव्हर."

रिसीव्हर माझ्या कानाला होता. मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. काही सेकंद नुसता वारा ऐकू आला.

"बूट काढले आहेत. मी जातो. आउट."

दुर्बिणीतून मला तो पाण्यात शिरताना दिसला. चार मिनिटांनी त्यानं एकाला ओढत खडकावर आणलं. त्या माणसानं उठायचा प्रयत्न केला तेव्हा तो लंगडताना दिसला. तेव्हा मला कळलं. शांतवन क्षणभर गुडघ्यांवर होता. मग दुसऱ्यासाठी परत पाण्यात गेला.

८.५२ ला मी दोर पाठवला. मीही धावलो. ८.५८ ला आम्ही खाली पोचलो. पोशा एका खडकाच्या टोकाला धरून होता; शांतवननंच तिथवर ओढत आणलं, असं तो नंतर म्हणाला. दोर त्याच्या हातात पडला आणि तो वाचला. शांतवन दिसत नव्हता. दुपारी ओहोटीला खडकांच्या घळीत सापडला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

दोर ८.४१ ला निघाला असता तर ८.४७ ला पोचला असता.

धाकू नाखवा ओला, थरथरत बसला होता. मला म्हणाला, "त्यो सारखा वर बगत व्हता. दोर येतंय, दोर येतंय, बोलत व्हता. तुमी का न्हाय आलाव?"

सुभेदार साहेब यायच्या आधी मी लॉगबुक उघडलं. पहिल्या कॉलची वेळ ८.५१ लिहिली. जोडीदार आजारी म्हणून वर होता, असं लिहिलं. शेवटी लिहिलं: "शिपायास पोस्ट न सोडण्याचा हुकूम दिला होता. त्याने हुकूम मोडून पाण्यात उडी घेतली."

शेलारनं ते वाचलं.

"हवालदार, असं म्हणालात तुम्ही?"

"म्हणालो होतो."

त्यानं लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं. "मग मला ऐकू आलं नसेल," म्हणाला. चौकशीतही तेवढंच म्हणाला. धाकूला कुणी बोलावलंच नाही. बोलावू नये, याची काळजी मी घेतली.

एका खोट्या पेट्रोलखाली ज्यानं आपलं नाव राहू दिलं नाही, त्याच्या नावावर मी हे लिहिलं, आणि त्याच्या आईला पत्रातही हेच कळवलं.

पुढच्या वर्षी मी त्याच्या आईला भेटायला गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुधा तिला काही संशय आहे का, हे पाहायला. छोटं कौलारू घर. तिनं जेवायला थांबवलं. तीन ताटं वाढली. तिसरं ताट कोणाचं, हे मी विचारलं नाही. प्रार्थनेआधी तिनं पदर नीट केला. माझ्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. माझा हात तिथे गेला आणि मी ते लावलं.

जेवताना ती म्हणाली, "मंडळीनं त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं होतं, देवळात. मी नको म्हटलं."

"का, बाई?"

"तुमचं पत्र आलं ना. हुकूम मोडला म्हणून. घरात पहिला हुकूम कोणाचा, हे त्याला मी शिकवलं होतं. वरच्याचं ऐकायचं, हेही शिकवलं होतं. कुठे चुकलं ते कळत नाही. पण तुम्ही त्याचे वरिष्ठ. तुम्ही लिहिलंत म्हणजे खरंच असणार. अशा माणसाची पाटी प्रभूच्या घरात कशी लावायची?"

माझा घास हातात होता. तोंड उघडण्याएवढा वेळ होता. मी म्हणालो, "भाजी चांगली झालीय." आणि निघालो. निघताना तिनं तिसऱ्या ताटातलं अन्न पानात बांधून माझ्या हातात दिलं. "वाटेत खा. आज दारी तुम्हीच आलात."

ती पुडी मी एसटीत उघडली नाही. घरी आल्यावर कुत्र्याला घातली.

आता मी पेन्शनीत आहे. घरात ख्रिस्ताचं चित्र आहे, जेवणाआधी प्रार्थना होते, आणि लोक मला देवभीरू समजतात. ज्याला धनी म्हणायचं त्याला फक्त भिंत द्यायची आणि लॉगबुक आपल्या हातात ठेवायचं, असं मी जगलो. शांतवननं त्याला ताट दिलं, बटणं दिली, पेट्रोलची नोंद दिली. मरताना देण्यासारखं वेगळं काही उरलं नव्हतं. हे लिहितानाही मला माझाच संशय येतो. छापणं सोपं म्हणून मी छापायला देतोय, आणि अलिबागची एसटी पकडणं अजून टाळतोय.

शिपाई शांतवन जाधव लोअर पॉइंटवर माझ्या हुकमानं एकटा होता. त्यानं दोनदा दोर मागितला. उतरण्याआधी परवानगी मागितली. त्यानं दोन माणसं वाचवली, आणि एकही हुकूम मोडला नाही.

हे त्याच्या आईसमोर उभं राहून, माझ्या तोंडानं सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो. ती अजून जिवंत आहे. मी अजून सांगितलेलं नाही.