जजबाईचं मत

पुस्तक संपलं तरी जजबाई ते लगेच मिटत नसे. शेवटच्या पानात बोट ठेवून ती थोडा वेळ छताकडे बघत बसे आणि मग खोलीत जी कोणी असेल तिला आपलं मत सांगे. कोणी विचारायची तिला गरज वाटत नसे. पुष्कळदा खोलीत मी एकटीच असे, तीही केस विंचरत. तरी ती भरल्या सभेत बोलावं तशी ताठ बसून बोले. धुळ्याच्या आमच्या वसतिगृहात जजबाई हे नाव तिला थट्टेनं पडलं होतं, पण तिनं ते मानानं मिरवलं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. ती वरणगावची, वडील तिथल्या कारखान्यात कामगार. मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. दोघी बी.ए.ला. मी परीक्षेपुरतं वाचणारी आणि ती परीक्षा सोडून सगळं वाचणारी. ग्रंथालयाचं माझं कार्डही तीच वापरायची. त्याच्या बदल्यात मला तिची मतं ऐकावी लागत.

एका गाजलेल्या कादंबरीवर सगळं वसतिगृह फिदा होतं. ती म्हणाली, "अर्धी कादंबरी झाली, या घरात कुणालाच भूक लागत नाही. स्वयंपाक कोण करतं तेही कळत नाही." नायक किती छान बोलतो, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर तिचं म्हणणं असं की बोलतो छान, पण समोरच्याचं ऐकून घेताना तो एकदाही दिसला नाही. मुली चिडल्या. तिला त्याचं काही नव्हतं. उलट एकदा एका संथ कादंबरीला तिनं कंटाळवाणी ठरवलं आणि काही दिवसांनी जेवणाच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना सांगितलं की आपलं चुकलं, आपण ती घाईनं वाचली होती. मत बदलताना तिला कमीपणा वाटत नसे, हे मला तेव्हा फार नवलाचं वाटायचं. आमच्या घरी एकदा बोललेलं कोणी मागे घेत नसे.

मोठ्या माणसांचं आत्मचरित्र हातात पडलं की ती आधी त्यात बायको शोधे. "हे बघ," ती पानं उलटून मला दाखवी, "इथे ती चहा आणते आणि इथे वारते. मधे काही नाही." मग एका मजुरी करणाऱ्या बाईचं आत्मकथन तिला मिळालं. ते वाचून ती पुस्तक घेऊन वरणगावला गेली. तिच्या आईनं तरुणपणी केळीच्या बागांमध्ये मजुरी केली होती. आईला वाचता येत नव्हतं म्हणून हिनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आई ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, की बाई शहाणी आहे, सगळं नाही सांगितलं तिनं. परत आल्यावर जजबाई मला म्हणाली, लपवणारा लेखक भित्रा असतो असं तिला आजवर वाटे. काय सांगायचं नाही हे ठरवायचाही माणसाला हक्क असतो, हे आईनं शिकवलं.

शेवटच्या वर्षाला असताना माझं लग्न ठरत आलं. एरंडोलकडचं चांगलं, शेतीवाडीचं घर होतं. पण त्यांना दिवाळीनंतर लगेच लग्न हवं होतं आणि पुढे परीक्षेचं बघू, असं ते म्हणत होते. म्हणजे परीक्षा होणार नव्हती. घरी मी कुणाला काही बोलले नाही. नुकतीच मी एक कादंबरी वाचली होती. तिच्यातली हुशार मुलगी कॉलेज सोडून सासरी जाते, आजारी सासूची सेवा करते, दीर-नणंदांना मोठं करते आणि शेवटी सगळं गाव तिच्या फोटोला हार घालतं. मी ती रडत रडत वाचली होती आणि आपलंही असंच काहीतरी सुंदर होईल अशी मनाची समजूत घातली होती. हे मी जजबाईला सांगितलं. तिनं माझ्याकडून कादंबरी घेतली, दिवाळीच्या सुट्टीत तुझ्या घरी येते म्हणाली आणि खरंच आली.

दुपारी ओसरीवर आई शेंगा फोडत होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, बाजेवर पडले होते. पाहुण्या मुलीशी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी आमच्या खानदेशी बोलीत विचारलं, "काय वाची ऱ्हायनी बेटा?"

जजबाईनं ती कादंबरी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चांगली सांगितली, कुठेही टोमणा न मारता. आईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. फोटोला हार घालण्यापर्यंत गोष्ट आणून जजबाई थांबली आणि म्हणाली की लेखकानं मुलगी छान उभी केली आहे, पण तिला स्वतःला काय हवं होतं ते एकाही पानावर नाही.

आबा उठून बसले. "मंग तिना बाप काय करत व्हता?"

"बाप दुसऱ्या प्रकरणात लग्न लावून देतो, आबा. नंतर तो येत नाही."

आबांनी मला जवळ बोलावलं आणि परीक्षा द्यायची आहे का, असं विचारलं. जन्मात पहिल्यांदा ते मला काही विचारत होते. मी हो म्हणाले, आणि मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं एरंडोलला गेले आणि परीक्षेपर्यंत थांबा म्हणून सांगून आले. ते लोक थांबले नाहीत. लग्न मोडलं, भाऊबंदांनी टोमणे मारले, ते आबांनी ऐकून घेतले. मी बी.ए. झाले, पुढे जळगावला नोकरीला लागले, लग्न सावकाश आणि मनासारखं झालं. त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर धुळ्याला परतताना मी जजबाईचे आभार मानायला लागले तर तिनं मला थांबवलं. "मी फक्त पुस्तकाबद्दल बोलले," ती म्हणाली.

जजबाई अमळनेरला शाळेत शिक्षिका झाली. मी सुट्टीला घरी गेले की आबा आधी विचारायचे, ती पोरगी सध्या काय वाचते. पुढे त्यांची नजर गेली आणि ते अंथरुणाला खिळले. मला जळगावहून वरचेवर जाणं जमेना. हे तिला कळलं आणि ती रविवारी अमळनेरहून एसटीनं आमच्या गावी जाऊ लागली, कादंबरी घेऊन. आबांना वाचून दाखवायची आणि मग दोघं पात्रांवरून वाद घालायची. आई सांगायची, की आठवडाभर न बोलणारा माणूस रविवारी भांडायला तयार होऊन बसतो. लेक म्हणून जे मी करायला हवं होतं त्यातलं कितीतरी तिनं केलं, आणि उपकार केल्याची छटाही कधी तिच्या बोलण्यात आली नाही.

आबा गेले तेव्हा एक कादंबरी अर्धी राहिली होती. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगल्यावर मी जजबाईला पुढे काय होतं ते विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, आबांच्या आधी पुढचं वाचायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. नाहीतर वाद बरोबरीचा होत नाही.

मग त्या दुपारी आम्ही ओसरीवर बसलो आणि उरलेलं पुस्तक मोठ्यानं वाचलं. थोडं तिनं, थोडं मी. आई भिंतीला टेकून ऐकत होती. पुस्तक संपलं तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं. मी जजबाईकडे पाहिलं. ती शेवटच्या पानात बोट ठेवून आईकडे बघत राहिली.

"चांगलं शे," आई म्हणाली. "पन लेखकनी शेवट घाईमा कया."