दोरियान इथं राहत नाही

आफ्रिकेची तीनदा चॅम्पियन झालेली पोरगी मी या माझ्या जिभेनं घरी बसवली. चार महिने झाले, तरी सकाळी कढईत पहिला घाणा सोडला की तो माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो. चकचकीत बूट, काखेत फाईल. आणि मी मेली हसत हसत सांगतेय, "दोरियान? छे हो, इथं कोणी दोरियान राहत नाही!"

माझं नाव मिरेल. कां लेत्शीतल्या लहानथोर सगळ्यांची मी तांतीन, म्हणजे मावशीच. मॉरिशसात रोझ हिल गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला सत्तर पत्र्याची घरं आहेत, ती आमची वस्ती. गल्लीच्या तोंडाशी माझी गाडी. गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट गोळे, तळायचे आणि गरम पावात घालून द्यायचे, हा माझा तीस वर्षांचा धंदा. गाडीपासून साठ पावलांवर फेलिसितेंचं घर. सोलांज फेलिसिते कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला जायची आणि तिची दोरियान दिवसभर माझ्या पायात पायात.

रॅकेट कुठून आली, देव जाणे. कोणीतरी टाकून दिलेली, तारा तुटलेल्या. तिनं त्यात मासे पकडायची दोरी ओवली. कपडे वाळत घालायची माझी दोरी हीच तिची जाळी. आमच्या डोंगरावर वारा काही पडत नाही. शटल जरा उंच मारलं की गेलंच खालच्या उसात, मग बसा शोधत. म्हणून ही पोरगी सगळं खालून, दोरीला घासून मारायला शिकली. माझ्या ओल्या चादरीला किती भोकं पाडली असतील! मी झारा घेऊन मागं लागायचे, तर ही पळतापळता मला म्हणायची, "तांतीन, तू डावीकडं फार हळू वळतेस!"

शाळेत मिस्ये आशुंगनी, म्हणजे आशुंग सरांनी, तिला पाहिलं. ते बॅडमिंटन शिकवायचे. चिनी दुकानदाराचा मुलगा, बारीक, अंगावर कायम इस्त्रीचा शर्ट. ते माझ्या गाडीवर येऊन विचारतात, "हिला उंच मारायला कोणी शिकवलं नाही का?"

मी म्हटलं, "शिकवलं असतं, पण उसातनं शटल काढून द्यायला तुम्ही होता का तिथं?"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिला क्लबच्या हॉलमध्ये घेऊन जायला लागले. पहिल्या दिवशी परत आली तेव्हा डोळे हे एवढे. "तांतीन, तिथं वाराच नाही! मारलं तिथंच जातं!" एवढंच चारचारदा सांगत होती. मला काय त्यात एवढं, ते कळेना. पुढं कळलं. बाकीच्या पोरी उंच मारत बसायच्या आणि हिचं शटल छातीच्या उंचीवरनं सुसाट जायचं, समोरचीला रॅकेट उचलायची सवड मिळायची नाही.

सोळाव्या वर्षी ती मॉरिशसची चॅम्पियन झाली. एकोणिसाव्या वर्षी अल्जियर्सला उपांत्य फेरीत हरली आणि आठ दिवस कोणाशी बोलली नाही. एकविसाव्या वर्षी कंपालाला आफ्रिकेची अंतिम फेरी. आम्ही सगळे माझ्या गाडीभोवती एका फोनवर पाहत होतो. तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस, आणि फोनची बॅटरी गेली! सोलांजनं तर छातीच पिटली. दुसरा फोन लागेस्तोवर ही जिंकून रडत होती. माझा अख्खा घाणा कोळसा झाला, तरी ते काळे गोळेसुद्धा लोकांनी खाल्ले. मग आणखी दोनदा जिंकली. गुडघा दुखावला, वर्ष गेलं, पुन्हा उभी राहिली. आता सत्तावीस. पुढच्या वर्षी ऑलिंपिक, आणि मिस्ये आशुंग कधी नव्हे ते हसून म्हणाले होते, "तांतीन, या वेळी नक्की."

आता आमची एक खोड सांगते, कारण सगळा घात तिनंच केला. आमची घरं सरकारी जमिनीवर. वादळात खालची घरं उडाली तेव्हा आमचे आईबाप वर चढले आणि कोणाला न विचारता राहिले. तेव्हापासून मोजणीवाले येतात. त्यांना नाव मिळालं की नोटीस, नोटीस लागली की बुलडोझर. म्हणून घराला नंबर नाही, दाराला पाटी नाही, गल्लीला नाव नाही. आणि बूट घालून, फाईल घेऊन कोणी आलं की आमचं एकच उत्तर: माहीत नाही. पोराला बोलता आलं की आम्ही आधी हेच शिकवतो.

जूनमधला मंगळवार होता. सकाळचे सहा वीस. एक माणूस आणि एक बाई गाडीपाशी आले. बाईच्या खांद्याला डब्यासारखी कडक पिशवी, माणसाच्या काखेत फाईल.

"मादाम दोरियान फेलिसिते कुठं राहतात?"

महिन्याभरापूर्वीच मोजणीवाले वरच्या दोन घरांवर लाल फुल्या मारून गेले होते. मी काय ते ओळखलं. म्हटलं, "कोण दोरियान?"

"बॅडमिंटन खेळतात त्या."

"अच्छा, ती होय! ती केव्हाच गेली. रॉद्रिग्ज बेटावर लग्न केलं तिनं. नवरा कोळी आहे."

रांगेत उभा असलेला बस ड्रायव्हर गास्ताँ लगेच म्हणाला, "दोन मुलंही झाली."

"जुळी," मी म्हटलं.

बाईनं लिहून घेतलं. मग दोघं गल्लीत शिरले. प्रत्येक दारात विचारलं, प्रत्येकानं मान हलवली. सोलांजच्या शेजारणीनं तर त्यांच्यावर कुत्रा सोडला. सोलांज पहाटेच कारखान्यात गेली होती आणि तिच्या घराचं दार गल्लीत नाही, मागच्या अंगाला, फणसाआड. त्यांना ते दिसलंच नाही. सात वाजता दोघं परत आले, घामानं डबडबलेले. माझ्याकडून दोन पाव घेतले. मी वर आणखी एकेक गोळा फुकट दिला. मेल्यांना कसं बनवलं, या आनंदात!

दुपारी चारला दोरियान सरावाहून आली. गाडीभोवती नेहमीची मंडळी होती. मी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, त्या बाईची चाल करून दाखवली, कुत्र्याचं भुंकणं काढून दाखवलं. सगळे पोट धरून हसत होते. ती हसली नाही.

"किती वाजता आले होते?"

"सहा वीस ते सात. का गं?"

ती खाली मातीत बसली. मला वाटलं गुडघा गेला.

"तांतीन, ते मोजणीवाले नव्हते. ते माझी लघवी न्यायला आले होते."

गास्ताँ फिसकन हसला. मग तिनं सांगितलं, थांबत थांबत. मोठे खेळाडू औषधं घेतात का ते तपासायला माणसं न सांगता येतात. रोजचा एक तास आधी लिहून द्यायचा, त्या तासाला तिथं सापडायचं. तिनं सकाळी सहा ते सात लिहिलं होतं, कारण त्या वेळी ती हमखास घरी. वर्षात तीनदा सापडली नाही तर औषध घेतलं असंच धरतात. एकदा लागोसहून येताना विमान चुकलं. एकदा हॉल बदलला ते कळवायला विसरली. ही तिसरी वेळ.

"मी घरातच होते, तांतीन. दोरीवरच्या उड्या मारत होते. कुत्रा भुंकला तो ऐकला मी."

मी म्हटलं, "मग आम्हाला सांगायचं नाहीस का, बये?"

"आधी दोनदा चुकलं तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटली."

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. चौकशी होईल, तोवर खेळ बंद. वकीलबाई म्हणाली, एकच वाट आहे. शेजाऱ्यांनी लिहून द्यायचं की ही इथंच राहते, त्या सकाळी घरात होती, आणि आम्ही खोटं बोललो. प्रत्येकानं स्वतःचं पूर्ण नाव आणि घर कोणतं तेही लिहायचं, नाहीतर कागदाला किंमत नाही.

आमच्या वस्तीत बाई, नाव आणि घर लिहून द्यायचं! गास्ताँ म्हणाला, "तांतीन, हा कागद उद्या मोजणीवाल्यांच्या हातात पडला तर?"

"पडला तर पडला. खोटं बोलताना जुळी कोणी काढली?"

"जुळी तू काढलीस!"

"मग पहिली सही माझी," मी म्हटलं. त्या दिवशी सत्तर घरांच्या सत्तर सह्या झाल्या. कुत्रावालीनं तर दोनदा केली.

चौकशी पोर्ट लुईसला, तिसऱ्या मजल्यावर. मी तीन परक्या माणसांसमोर उभी राहून सांगितलं, मी खोटं बोलले, पोरीचा दोष नाही. मधले गृहस्थ पिकल्या केसांचे, आवाज मऊ. त्यांनी सगळे कागद वाचले. मग दोरियानला म्हणाले, "शेजारी असं सांगतील याची तुम्हाला कल्पना नव्हती, असं मी समजू का?"

वकीलबाईनं तिच्याकडं पाहिलं. मी गळ्यातली क्रुसाची माळ घट्ट धरली. एक 'हो' म्हणायचं होतं, बस, सुटली असती.

ती म्हणाली, "नाही. मला माहीत होतं."

"आमच्याकडं सगळे असंच सांगतात. मी आठ वर्षांची होते तेव्हा मोजणीवाल्यांना मीच सांगितलं होतं, इथं मिरेल नावाचं कोणी राहत नाही. तांतीन आत पलंगाखाली होती. पत्ता लिहून दिला तेव्हा मला वस्तीत सांगून ठेवायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

अठरा महिन्यांची बंदी. ऑलिंपिक गेलं. क्लबच्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, हेही वर. मिस्ये आशुंगनी चष्मा काढला आणि पुसत राहिले, पुसत राहिले.

जिन्यात मी तिचा दंडच धरला. "अगं ए शहाणे, एका शब्दानं सुटत होतीस! काय बुद्धी झाली तुला?"

"त्यांच्या हातात सत्तर कागद होते, तांतीन. सगळ्यांनी घरं पणाला लावून खरं लिहिलं होतं. तुझा कागद वरच होता. तो दिसत असताना मी खोटं कसं बोलू?"

मला शिव्या द्यायच्या होत्या. तिला, मोजणीवाल्यांना, मलाच. पण आम्ही दोघी तिथंच पायरीवर बसून रडलो, येणारेजाणारे बाजूनं जात राहिले.

नोटिसा अजून आलेल्या नाहीत. येतील. पण बंदीतही चाचणीवाले येऊ शकतात, आणि पुन्हा चुकत गेलं तर बंदी आणखी वाढेल. म्हणून ती आता घरात थांबत नाही. रोज सहाला माझ्या गाडीशेजारी पाण्याचा रिकामा क्रेट उलटा करून बसते, गल्लीच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल अशी. पाव न्यायला आलेली माणसं हळू बोलतात. तास संपला की ती उठते, क्रेट आत ठेवते आणि मला सांगते, "आज कोणी आलं नाही, तांतीन."