ग्रॅहमचा छोटासा बदल आणि प्रसादचं लग्न

आमच्या टीममध्ये काम कधी वेळेवर संपलं नाही, पण किस्से मात्र वेळेआधी तयार असतात. पुण्याजवळच्या माणच्या आयटी पार्कात जेवणाचे डबे उघडले की कुणीतरी विचारतंच, "ग्रॅहमचं नवीन ऐकलं का?"

ग्रॅहम म्हणजे आमचा क्लायंट. तिकडे लांब, थंड देशातल्या मेंढीपालकांसाठी त्याला एक ॲप हवं होतं. कुठली मेंढी कुठे चरते, कुणाला लस दिली, एवढंच. पण दर कॉलला त्याचं एक वाक्य ठरलेलं: "जस्ट अ स्मॉल चेंज."

या स्मॉल चेंजपायी आमच्या प्रसादचं लग्न अडलं होतं. प्रसाद वाशीमचा. मुलगी बघायला गावी जायचं म्हणून बिचारा रजा टाकायचा, रिलीज पुढे जायचं आणि रजा रद्द व्हायची. घरचे वैतागले होते आणि तो रडकुंडीला आला होता.

*

एकदा ग्रॅहम म्हणाला, "ॲपवरच्या चित्रातली मेंढी दुःखी दिसते."

आम्ही तिला हसवलं. मग म्हणाला, "आता ती काहीतरी लपवतेय असं वाटतं. खरी मेंढी बघून काढा."

ऑफिसमागच्या मोकळ्या प्लॉटवर एक मावशी मेंढरं चारत होत्या. प्रसाद मोबाईल घेऊन तिकडे गेला.

"फोटू कशाला रं?"

"परदेशातल्या साहेबांना दाखवायचाय."

"त्येच्याकडं न्हाईत व्हय मेंढरं?"

"हजारो आहेत, मावशी."

"मग त्यो सोताचीच का बघंना?"

प्रसादने फोटो काढला आणि तिथून सटकला. फोटो मात्र झकास आला. ग्रॅहमला तर इतका आवडला की तो म्हणाला, "परफेक्ट. आता मेंढीऐवजी कुत्रा टाकूया."

*

पुढे त्याला मोठी बटणं हवी झाली, कारण तिकडचे शेतकरी हातमोजे घालतात. आम्ही बटणं मोठी केली. मग त्याची तक्रार आली की स्क्रीनवर दोनच बटणं मावतात, बाकीची दिसत नाहीत.

आमची लीड मेघा म्यूटवर आहोत असं समजून इंग्रजीतच पुटपुटली, "मग हातमोजे काढायला सांगा ना त्यांना."

म्यूट नव्हतं.

ग्रॅहम बराच विचार करून म्हणाला, "दॅट्स अ गुड आयडिया."

*

मग ग्रॅहम सुट्टीवर गेला. प्रसादने त्याच दिवशी वाशीमचं तिकीट काढलं आणि आम्हाला पेढेही दिले. आम्ही म्हटलं, आधी मुलगी तर बघ!

ग्रॅहमच्या जागी आलेली बाई फार गोड बोलायची. पहिल्याच कॉलला म्हणाली, "घाबरू नका, मी ग्रॅहमसारखी नाही. मला सारखे बदल अजिबात आवडत नाहीत. म्हणून आपण सगळं पहिल्यापासून करूया."

तिकीट रद्द झालं. पेढे आम्ही खाल्ले होते.

*

प्रसाद माणमध्ये बबनरावांच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांनी चौकशी केली. त्याने सगळं सांगितल्यावर म्हणाले, "ह्यात काय येवडं? म्या बी घर बांधताना तीनदा जिना फिरवला."

"मग मिस्त्री काय म्हणाला?"

"त्यो आता मला बघितलं की रस्ता बदलतोय."

पण माणूस मनाचा मोठा. म्हणाले, "तुला जाता येत न्हाई ना? मग त्यास्नीच हितं बोलव. पोहं आमची मंडळी करंल."

*

आणि खरंच हिंगोलीहून मुलगी आली. रेणुका, शाळेत शिक्षिका. सोबत तिचे आईवडील. प्रसादच्या घरच्यांनी तिला तिकडे आधीच पसंत केलं होतं, म्हणून बबनरावांच्या हॉलमध्ये प्रसादकडून वडीलधारे म्हणून बबनरावच आणि मित्रमंडळी म्हणून मी आणि मेघा. पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि प्रसादचा लॅपटॉप वाजला.

सुट्टीवरून परतलेला ग्रॅहम. प्रसाद कोपऱ्यात गेला, पण आवाज सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

ग्रॅहमला आधी हिरवा रंग हवा होता. मग निळा. निळा दाखवल्यावर राखाडी. राखाडी बघून पुन्हा हिरवाच, पण "हा हिरवा नाही, जरा वेगळा हिरवा."

प्रसाद शांतपणे एकेक रंग दाखवत होता. "शुअर. हाही बघा. आधीचा बाजूला ठेवतो, नंतर आवडला तर असू दे."

रेणुकाचे वडील माझ्याकडे झुकले. "हे परदेशी गृहस्थ रोज असेच बोलतात?"

"नाही काका," मी म्हणालो, "आज जरा खुशीत आहेत."

मेघाने मला कोपराने ढोसलं.

कॉल संपला. काका उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "बरं, कळवतो." या 'कळवतो'चा अर्थ हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होता. प्रसादने लॅपटॉप मिटला. मला फार वाईट वाटलं.

इतका वेळ एक शब्दही न बोललेल्या रेणुकाने बशी खाली ठेवली आणि प्रसादला विचारलं,

"बस्त्याला साड्या घ्यायला तुम्ही स्वतः याल ना?"