बगीच्याला पाणी आणि गणिताचा तास

माझ्या बाकावरच्या मुलीवर अन्याय झाला. नववीत, फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, गणिताच्या तासाला. ती खुर्सीपारची, म्हणजे मजुरांच्या वस्तीतली, बाप स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मी तिच्याच गल्लीतली. शाळा मात्र सेक्टरमधली, प्लांटच्या पक्क्या नोकरदारांच्या क्वार्टरांत राहणाऱ्या मुलांची.

सुरुवात पावसाळ्यात झाली. गणिताच्या सरांनी प्रोजेक्ट दिला: शाळेमागच्या रिकाम्या जागेवर बगीचा आखा. चोवीस मीटर बाय अठरा मीटर. आकृती, क्षेत्रफळ, बजेट, सगळं दाखवा. ज्याचा चांगला, त्याचा खरंच करू.

वर्गानं वर्तुळं काढली. अर्धगोल लॉन, मधे बाक, कडेला गुलाब. आणि बजेटमध्ये पाण्यापुढे प्रत्येकानं शून्य लिहिलं. क्वार्टरात पाणी येतं म्हणजे येतं. त्याला खर्च असतो हे त्या घरांत कोणाच्या डोक्यातच नव्हतं. सरही क्वार्टरातच राहायचे.

आम्ही दोघी जागेवर जाऊन आलो.

"अवं, नळ तं पार त्या कोपऱ्यात हाय," ती म्हणाली. "पाणी काय उडून येईन?"

"सरले विचार नं."

"मले कावून पुढं करतं? तुले तोंड नाही?"

शेवटी विचारलंच नाही. तिनं स्वतःच हिशोब लावला. कडेकडेनं पाइप नेला तर बेचाळीस मीटर. कर्णावरून नेला तर तीस. पाइप जमिनीत, त्याच्यावर पायवाट, दोन्ही बाजूंना त्रिकोणी वाफे. पायथागोरस आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ होता, वापरला तिनं. पण तीस मीटर पाइपातच अर्धं बजेट गेलं. लॉन वगळला. उरलं काय, तर झेंडू, जास्वंदाच्या फांद्या आणि कढीपत्ता.

सरांनी कागद वर धरला. "ये बगीचा है कि नल-जल योजना? पानी का क्या खर्चा? पानी तो आता है।"

"कोणाच्या घरी?" ती पुटपुटली. मला हसू आलं, आणि दोघींना उभं केलं.

अर्धगोल लॉन निवडला गेला. दिवाळीनंतर गवत अंथरलं, पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाले. पैसे गवतात आणि बाकांत संपले होते. पाइप कोणी घेतलाच नव्हता.

थंडी सरली तसं गवत पिवळं पडायला लागलं. पाहुणे परत येणार होते. सर गणिताच्या तासाला दारात उभे राहिले. "खुर्सीपारवाले बाहर आओ। बाल्टी उठाओ। तुम लोगों को तो आदत है।"

आदत! सकाळी घरी नळावर भांडून पाणी भरायचं आणि शाळेत येऊन त्यांच्या गवताला घालायचं, ही आदत. आम्ही सहा जणी उठलो. वर्गातून एक मुलगा ओरडला, "हमारे बगीचे में भी आ जाना!" आणि सर हसले. आत घनफळाचा धडा सुरू झाला. आम्ही त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात बादल्या वाहत राहिलो, परीक्षा येईपर्यंत.

माझा मोठा भाऊ घरी शिकवायचा, मी तरले. तिच्या घरी विचारायला कोणी नव्हतं. तिला आयटीआयला जायचं होतं, नकाशे-आराखडे काढायचा, ड्राफ्ट्समनचा ट्रेड घ्यायचा होता. नववीत गणितात काठावर पास, म्हणून दहावीत तिला 'कमजोर' सेक्शनला टाकलं. तिथं गणिताला मास्तरच नव्हता, कधी पीटीवाला येऊन बसायचा. दहावीला ती गणितात राहिली. परत फॉर्म भरायला तिच्या बापानं सांगितलं, ती म्हणाली, "राहू द्या बाबा, मले नाही जमत ते."

तिला जमत नव्हतं! ज्या वर्गात एकटीला जमलं होतं, त्या वर्गानं तिच्याकडून हे वदवून घेतलं. आता ती एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी असते. लोक मला समजावतात, सर काही वाईट नव्हते, इतकं काय मनाला लावून घेतेस. सरांचा स्वभाव मी विचारत नाही. तास कोणाचा बुडाला ते विचारते.

आणि हे अजून चालू आहे. मी आता मुलांच्या शिक्षणहक्काची पत्रकं वाटत शाळाशाळांतून फिरते, तेव्हा तासाच्या वेळी झाडू आणि बादली कोणत्या वस्तीतल्या पोरांच्या हातात असते ते मला दिसतं. तुम्हालाही दिसतं. तुम्ही 'श्रमदान' म्हणून पुढे जाता.

या आठवड्यात तुमच्या घराजवळच्या शाळेत जा. गणिताच्या तासाला जा. जे बाक रिकामं असेल, त्यावरची मुलगी कुठं आहे ते विचारा. आणि ती वर्गात येऊन बसेपर्यंत दारातून हलू नका.