कॅलेंडरच्या पाठीवरचा रस्ता

आमच्या ह्यांना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. भाकऱ्या ह्यांच्या आणि चहा माझा! दर रविवारी सकाळी आठपासून पुसदच्या आमच्या घरासमोर चपलांचा ढीग. हे ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलेजात सदाशिव सर, घरात नुसते हे. रविवारी पडवीत बसून अकरावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना पुढचा रस्ता सांगायचे, तोही फुकट. "बारावीत आलात की उशीर झाला," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते झोपेतही ऐकू यायचं.

रस्ता काढायचे कॅलेंडरवर. कृषी केंद्रवाले देतात ना, मोठ्या आकड्यांचं, मागून कोरं, ते. महिना संपला की हे पान फाडून ठेवत. त्याच्या पाठीवर रेघा ओढायच्या, चौकोन काढायचे, अकरावीपासून नोकरीपर्यंत सगळं मांडायचं आणि गुंडाळी करून हातात द्यायची. लोक ती घरी नेऊन भिंतीला लावत. मी म्हणायचे, "आता उदबत्ती तेवढी ओवाळायची बाकी आहे."

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नाही, आणि पेपर उघडला की आपल्याच तालुक्यातलं कुणीतरी गेलेलं. मी पहिलं पान न वाचताच घडी घालायचे. पडवीत येणाऱ्या आईबापांचं मागणं एकच. "पोट्टं वावरात नाई आलं पाह्यजे सर. बाकी तुमी म्हनान ते."

ह्यांच्यापाशी त्याला उत्तर होतं, डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी नाहीतर बाई. ह्यांचे आधीचे पंधरा-वीस विद्यार्थी तसे लागलेही होते, पेढे देऊन गेले होते. त्या पेढ्यांवर हे विसंबले, दुसरं काय!

२००६ च्या जानेवारीत दिग्रस रोडकडच्या एका गावाहून विठ्ठलराव आणि इंदूबाई आपल्या खुशीला घेऊन आले. विठ्ठलरावांच्या शर्टाला कापसाचे तंतू तसेच. नंबर लागेपर्यंत पोरगी स्वयंपाकघरात माझ्याशी बोलत बसली. माझा मिक्सर आठवडाभर बंद होता. तिने तो ओट्यावर उलटा केला, सुरीच्या टोकाने उघडला, आत काहीतरी खरवडलं आणि लावला तर चालू! मी म्हटलं, "अगं बाई, कुठे शिकलीस हे?"

"वावरातली मोटार बिघडते न काकू, मीच पाह्यतो," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मले मशीनचं इंजिनिअर व्हाचं हाये."

हे तिने मला सांगितलं. पडवीत बापासमोर मात्र गप्प. ह्यांनी पानावर दोन रेघा ओढल्या. एक लांब, इंजिनिअरिंगची, टोकाला प्रश्नचिन्ह. दुसरी आखूड, टोकाला शाळा, शाळेवर झेंडासुद्धा काढला. "सीईटीच्या मागे लागू नकोस बेटा. डी.एड.ला बारावीचे मार्क लागतात, तिथे जोर लाव."

विठ्ठलरावांनी शाळेवर बोट टेकवलं. "हे बरं हाये जी."

खुशीने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं, मी बोलायला हवं होतं. मी चहा गाळत राहिले.

त्याच वर्षी आमची लेक भैरवीही अकरावीत होती. तिच्यासाठी कुठलं पान नाही की रेघ नाही. मीच हट्ट धरला, पुण्याला इंजिनिअरिंग. हे एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. ह्यांचंच सगळं वाईट आणि मी तेवढी शहाणी, असं नाही हो.

ह्यांनी सांगितलं तसं खुशीने केलं. बारावीला शहाऐंशी टक्के, डी.एड.ला प्रवेश, दोन वर्षांनी पहिल्या वर्गात पास. आणि तोवर जिल्ह्यात घरटी एक डी.एड. झालेला! गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली होती. तिने भरतीची परीक्षा दिली, आज यादी लागेल, उद्या लागेल म्हणत वाट पाहिली, आणि मग भरतीच थांबली. कधी सुरू होईल ते कुणी सांगेना. हे यवतमाळला खेटे घालून आले, ओळखीच्या साहेबांना भेटले, हात हलवत परत.

२०११ च्या डिसेंबरात विठ्ठलराव एकटेच आले. दरवर्षीसारख्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. चहा पिऊन झाल्यावर अगदी साधेपणाने विचारलं, "सर, रागावू नका. तुमच्या भैरवीले काहून नाई लावलं डी.एड.ले?"

ह्यांनी शेंगा सुपात ओतल्या आणि रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली. विठ्ठलराव "येतो जी" म्हणाले आणि पिशवी झटकून गेले.

रात्री जेवताना हे म्हणाले, "भैरवी पडली असती तर झेलायला आपण होतो. खुशी पडली तर कोण होतं? म्हणून तिला जवळचा रस्ता दाखवला."

"मग पडायची राहिली का ती?" मी बोलून गेले. जिभेला हाड नाही माझ्या. हे ताटावरून उठले.

तेव्हापासून रविवार बंद. कुणी आलं तर हे दारातूनच सांगत, "आता मला काही कळत नाही, दुसऱ्या कुणाला विचारा." दुसरं कोण? पण लोक जात. मला आधी बरं वाटलं, सुटले चहातून. मग रिकामी पडवी खायला उठायला लागली.

वर्ष होत आलं, आणि यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी इंदूबाई आल्या. सोबत धाकटी लेक, यंदा अकरावीला. मी दार उघडलं ते घाबरतच. "खुशी कशी आहे?"

"येचनीले गेली. कापूस फुटला न बाई." सहज म्हणाल्या.

हे बाहेर आले. दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ताई, मला माफ करा. तुमच्या एका पोरीचं मी वाटोळं केलं. हिला मी काही सांगणार नाही."

इंदूबाई हलल्या नाहीत. पिशवीतून गुंडाळी काढली. ऑक्टोबरचं पान. त्यांनी ते टीपॉयवर उलटं पसरलं, दोन कोपऱ्यांवर तळहात दाबून धरले.

"कागद घरूनच आनला सर. आमाले दुसरं कोन हाये? चुकलं तरी चालंन, पन काईतरी लिवून द्या. पोट्टीले कोरं नका धाडू."

ह्यांनी पेन काढलं. टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. धाकटी टक लावून कागदाकडे बघत होती. मग ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"सुहासिनी, काय लिहू गं?"

घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर असणारी मी. मी याही वेळी चहाच टाकायला आत गेले.