भरमाप्पांनी पास केलेली पट्टी

भरमाप्पांच्या गाडीला उभं राहणं जमत नव्हतं. पळायला तिची हरकत नसे. पण सिग्नलला थांबून पाय क्लचवर गेला, की इंजिन असं किंचाळायचं, की शेजारचा रिक्षावाला आपलंच काही चुकलं का म्हणून वळून बघायचा. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली आठशे. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. नूतनीकरणाच्या तपासणीला नेली तेव्हा, आधी हिचा आवाज खाली आणा आणि मग या, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. दुसरी तारीख सोमवारची होती.

"अप्पा, सोमवारी परत आली तर तिथनंच भंगारात," मुलगा मल्लेश म्हणाला. "मी भंगारवाल्याशी बोललोय."

मल्लेश बोललेलं करतो. हा गुण बापाचा, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

भरमाप्पांचा सगळा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, तपासणी खात्यात गेला. ओतून आलेला माल ते लहान हातोडीनं ठोकायचे, कान लावायचे आणि हिरवा किंवा लाल ठिपका द्यायचे. धातू ओतताना पोटात हवा अडकली की छिद्र राहतं, ब्लोहोल. कामगार त्यात लांबीची पुट्टी भरून वरून रंग मारत, म्हणजे साच्याच्या वाळूत घातलेले कष्ट वाया जात नाहीत. भरमाप्पा ते आवाजावरून पकडत आणि माल जागेवर फोडत. त्या बाबतीत खात्यात त्यांच्याविषयी एकमत होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर ते घरात बसले नाहीत, घरात फिरले. तवा ठोकून बघितला, नळ ठोकून बघितले, नव्या शेगडीला आल्या दिवशी नापास केलं. मग गाडी काढायची, पन्हाळ्याच्या वाटेला लागायचं आणि चहासुद्धा न पिता अर्ध्यातून परत यायचं, असं सुरू झालं. कशाला गेलतासा, असं त्यांच्या बायकोनं, चन्नम्मांनी, एकदाही विचारलं नाही. सीमेपलीकडच्या कानडी माहेरातून आलेल्या त्या शहाण्या बाईला एवढं समजत होतं, की गाडी गेली तर हा माणूस दिवसभर स्वयंपाकघरात राहील.

म्हणून रविवारी सकाळी भरमाप्पांनी बॉनेट उघडलं तेव्हा प्रार्थना दोघांची होती.

आधी त्यांनी चोक बघितला. तो अडकून राहिला तर इंजिन असं पळतं. अडकलेला नव्हता. मग ॲक्सिलरेटरची वायर ढिली केली. फरक नाही. मग रबरी नळ्या एकेक चिमटीत धरून बघितल्या, कुठून हवा खातेय का म्हणून. सगळ्या ठणठणीत. शेवटी उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू पूर्ण बाहेर काढत आणला, तरी इंजिन आपलं पळतंय. त्या स्क्रूला आता काही अधिकार उरला नव्हता. नुसता फिरत होता.

"पेट्रोलच भेसळीचं," भरमाप्पा म्हणाले. अर्ध्या तासानं त्यांनी प्लग बनवणाऱ्यांना दोष दिला, मग गेल्या वर्षी कार्बोरेटर धुऊन दिलेल्या मेकॅनिकला. हातात पाना घेऊन गाडीभोवती प्रदक्षिणा चालू होत्या.

चन्नम्मा दारात शेंगा निवडत होत्या. "री, मागल्या म्हयन्यात ती काय नवी बसवलीसा, तवापास्नं वरडतीय न्हवं?"

"ती पट्टी व्हय? ती न्हाय."

"कशावरनं?"

"मी स्वतः तपासलीय ती!"

यावर चन्नम्मांनी पुढची शेंग घेतली.

पट्टीची हकीकत अशी. कार्बोरेटर आणि त्याच्या खालची नळी यांच्यामध्ये एक जाडसर पट्टी असते. मूळची पट्टी भरमाप्पांनीच नट जास्त आवळून तडकवली होती. दुकानदार म्हणाला, परवा मागवून देतो. परवा! ते थेट कृष्णातकडे गेले. कृष्णात त्यांच्याच फाउंड्रीतला जुना मोल्डर, आता शिरोलीत स्वतःची ॲल्युमिनियमची छोटी भट्टी चालवणारा. तो म्हणाला, "रस नीट होऊ द्या, साचा वाळू द्या, उद्या वततो." भरमाप्पा भट्टीभोवती फिरायला लागले. शेवटी कृष्णातनं त्यांना घालवण्यासाठी ओतली. भरमाप्पांनी ती घासली, ठोकली आणि हिरवा ठिपका दिला. घरच्या पट्टीला ठिपक्याची गरज नसते, हाताला सवय.

दुपारी त्यांनी साबणाचं पाणी केलं. बाकी सगळं तपासून झालंय, आता हेही बघू, असं स्वतःलाच मोठ्यानं सांगून चालू इंजिनात पट्टीच्या कडेला थेंब सोडले. समोरच्या बाजूला काही नाही. मागच्या बाजूला थेंब आत ओढला गेला, सूं झालं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर खाली आला. मग पुन्हा वर.

त्यांनी तीच जागा परत भिजवली. परत तेच झालं. इंजिन खोटं बोलत नव्हतं.

पट्टी काढून स्कूटरवरून ते शिरोलीला पोचले तेव्हा कृष्णात बंद भट्टीशेजारी बाजेवर पडला होता.

"या इन्स्पेक्टरसाहेब! इतवारी धाड?"

भरमाप्पांनी पट्टी पुढं केली. कृष्णातनं ती उजेडाकडं धरली, छिद्र बघितलं, मग उलटी करून हिरवा ठिपका बघितला.

"कुणी पास केली म्हणायची ही?"

"नवी वत."

"भट्टी थंड हाय. उद्या सांजच्याला घावंल."

"उद्या सकाळी पासिंग हाय, कृष्णात! गाडी भंगारात घालाय लागलाय पोरगा."

कृष्णात उठला आणि फळीवरून एक डबा घेऊन आला. लांबीचा. त्यानं झाकण उघडून तो भरमाप्पांच्या पुढं ठेवला आणि पुन्हा बाजेवर बसला.

भरमाप्पा शेडच्या टोकापर्यंत जाऊन आले. पुन्हा एकदा जाऊन आले.

"खरं सांग. माझ्या हाताखालनं किती काढलास असला माल?"

"एकबी न्हाय. तुमी पकडतासा म्हणून न्हवं. तुमी घरलाच जात न्हवतासा, भरायचा कवा?"

भरमाप्पा आणखी एक फेरी मारून आले. "भर," ते म्हणाले.

"मी न्हाय. तुमी भरा. मी बघतो."

त्यांनी भरली. आयुष्यभर ज्यांच्यावर ओरडले त्यांच्या मानानं फारच वाईट भरली. कृष्णातनं दोनदा खरवडून काढायला लावली, तिसऱ्यांदा मान डोलावली. "आता सकाळपातूर हात लावायचा न्हाय. बोटानं बगाय गेलासा तर गाडी गेली म्हणून समजा."

ती संध्याकाळ चन्नम्मा विसरणार नाहीत. पट्टी टेबलावर होती आणि नवरा खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. उठले की टेबलाकडं पाय वळत, म्हणून उठायचंच नाही असं ठरलं होतं. मध्येच ते म्हणाले, "वाळली असंल." चन्नम्मांनी पट्टीवर चाळण पालथी घातली.

सकाळी पट्टी बसवली. इंजिन चालू झालं, थोडं तापलं, आणि स्क्रू फिरवला तसा आवाज निमूटपणे खाली येऊन थांबला. मल्लेश गाडी तपासणीला आत घेऊन गेला. भरमाप्पा फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत राहिले. तिथल्या चहावाल्यानं त्यांना तीनदा विचारलं, पावणं, कुणी दवाखान्यात हाय काय. दुपारच्या आत गाडी पास होऊन आली.

मल्लेशनं भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. चन्नम्मा ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. निपाणीला बहिणीकडं जायचं होतं.

"उतर," भरमाप्पा म्हणाले. "ही गाडी लांब न्यायची न्हाय."

"का? पास झाली की!"

"भरलेली हाय. मी असली कधी सोडली न्हाय."

"सरकारनं सोडली. तुमी कोण?"

"सरकारनं ठोकून न्हाय बघितली."

चन्नम्मा उतरल्या नाहीत. भरमाप्पांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग स्टिअरिंगवर बसले आणि निपाणीच्या उलट दिशेला, शिरोलीकडं निघाले. कृष्णातची भट्टी पेटलेली होती. चन्नम्मांनी भट्टीच्या अंगणात बहिणीसाठी केलेल्या पोळ्यांचं गाठोडं सोडलं, एक कृष्णातला दिली.

"नवी पट्टी साचा वाळल्याबिगर वतणार न्हाय," कृष्णात तोंड भरून म्हणाला. "घाई हाय?"

"कुणाला?" भरमाप्पा म्हणाले, आणि भट्टीच्या पलीकडच्या बाजूला बघून यायला गेले.