मातीची लाकडं

धापूबाईचं माहेर रिठदचं. वडलांचं तिथं किराण्याचं लहानसं दुकान होतं. लग्न होऊन ती वाशिमच्या जैन गल्लीत आली तेव्हा गाव बदललं, पण दिवस फारसा बदलला नाही. तिथल्यासारख्याच इथंही बायका ओट्यावर धान्य निवडायला बसत आणि समोरच्या घरातलं भांडण आपल्या माजघरात ऐकू येई. मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा लखमीचंद गेला तेव्हा मुलगा जिनदास अजून शाळेत जात होता. कापडाचं दुकान तिनं दाराआड बसून, जुन्या नोकराच्या तोंडून चालवलं. त्या सगळ्या वर्षांत तिला दुःख झालं, भीती वाटली, पण एकटं वाटायला सवड मिळाली नाही. सकाळी दार उघडलं की गल्ली आत येई.

जिनदास मोठा झाला, कापसाच्या धंद्यात पडला, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी त्यानं गावाबाहेरची एक जिनिंग, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, विकत घेतली. जिनिंगसोबत बंगलाही आला. कुण्या गोऱ्या मॅनेजरानं तो आपल्या सोयीनं बांधलेला. भिंती जाड, छत उंच, आणि बैठकीच्या भिंतीत लाकडं जाळायची चौकोनी भट्टी. तिचा धूर भिंतीतल्या भिंतीत वर चढून कौलांबाहेर पडे. जिनदासनं आईला मोठ्या हौसेनं तिथं आणलं. त्याची बायको पानाबाई पोरांच्या शाळेपायी अकोल्याला बिऱ्हाड करून होती, तो स्वतः हंगामभर खेडोपाडी कापूस पाहत हिंडायचा. बंगल्यात राहिले ते धापूबाई, फाटकावरचा चौकीदार आणि एक स्वैपाकी महाराज. महाराजाला कमी ऐकू येई. त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून सांगण्यासारखं धापूबाईजवळ काही नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. जिनदासनं भट्टी झाडून घेतली आणि लाकडं आणवली. स्वैपाक जिनिंगमधल्या दगडी कोळशावर होई, त्यामुळे लाकूड लागे ते या भट्टीलाच. पण लाकूड जाळायचं तर आधी त्यातला जीव बाहेर काढायला हवा, हे धापूबाई लहानपणापासून पाहत आली होती. महाराजावर तिचा भरवसा नव्हता. ती स्वतःच मागच्या पायऱ्यांवर बसली आणि एकेक लाकूड दगडावर ठोकू लागली.

लाकडाची मोळी आणायची ती सोजरबाई. जवळच्या तांड्यावरची बंजारी बाई, वयानं धापूबाईच्याच जोडीची. मोळीच्या बदल्यात ती ज्वारी न्यायची. पहिल्या दिवशी ज्वारी पदरात घेऊन ती निघालीच होती, पण शेठाणीला लाकूड ठोकताना पाहून थांबली.

"हे काय करून राह्यली माय?"

"किडे काढून राह्यली."

"अन् मंग?"

"मंग थ्या निंबाखाली नेऊन सोडतो."

सोजरबाई तोंडाला पदर लावून हसली. "थे रातभरात पुन्हा लाकडात जातीन न! मीच उद्या पुन्हा घेऊन येईन त्याइले."

"येऊ दे. माह्या हातानं जळले नाई म्हंजे झालं."

सोजरबाई हसत हसतच खालच्या पायरीवर टेकली आणि तिनंही एक फांदी उचलली. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. धापूबाई वरच्या पायरीवर, सोजरबाई खालच्या. पाणी द्यायचं ते वरून ओंजळीत, आणि फुटाणे पदरात टाकायचे. त्यात काही वेगळं आहे असं दोघींनाही कधी वाटलं नाही. तसंच असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण ठोकता ठोकता बोलणं मात्र कसलंही व्हायचं. सोजरबाईची लेक केनवडला दिली होती, तिचा नवरा चांगला पण सासू दमेकरी. धापूबाईनं तिला आपल्या दोन मुलींबद्दल सांगितलं. जिनदासच्या आधी झालेल्या आणि बारशाआधीच गेलेल्या. त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे, कारण नाव ठेवलंच नव्हतं. सोजरबाईनं हातातली काटकी खाली ठेवली आणि म्हणाली, "तोंड कोनासारखं होतं माय?" हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. धापूबाईनं आठवून आठवून सांगितलं.

एका दुपारी जिनदास अवचित घरी आला. आईच्या बोटात लाकडाची कूस घुसून रक्त आलेलं, पायऱ्यांवर भुसा, आणि आत भट्टीच्या धुरानं बैठक भरलेली. त्याला वाईट वाटलं.

"आई, बारा वर्षं दुकान चालवलं तू. आता कायले हे लाकडं ठोकत बसतं?"

"मले काई तरास नाई रे."

"तुले नसन. मले हाय."

तो मनानं चांगला होता. आईनं आता काही करू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

जिनिंगच्या यंत्रांवर हरिसिंग नावाचा फिटर होता. आधी तो भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होता. कुण्या पारशाच्या बंगल्यात अशाच भिंतीतल्या भट्टीत गॅसचा जाळ त्यानं पाहिला होता, वर मातीची खोटी लाकडं रचलेली. वाशिमात गॅस कुठला? पण वरातीच्या बत्त्यांत कार्बाइड असतं, त्यावर पाणी पडलं की जळणारा गॅस निघतो, हे त्याला माहीत होतं. जिनदासला ती गोष्ट एकदम पटली. लाकूडच नाही, मग किडाही नाही.

भिंतीबाहेर एका लोखंडी पिंपात कार्बाइडची सोय झाली. तिथून नळी भिंतीतून आत आली आणि भट्टीत आडव्या बसवलेल्या, भोकं पाडलेल्या नळीला जोडली गेली. कुंभारानं बाभळीच्या फांद्यांसारखी मातीची लाकडं भाजून दिली. वर सालीच्या रेघा आणि गाठीसुद्धा. धापूबाई बाजूला पाटावर बसून सगळं पाहत होती. घरात माणसं वावरत होती, ठोकठाक चालली होती, म्हणून तिला ते दिवस बरे गेले.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा पिवळा जाळ लाकडांना चाटू लागला आणि काजळीचे लांब काळे धागे खोलीभर उडाले. धापूबाईचं पांढरं लुगडं ठिपक्याठिपक्यांचं झालं. हरिसिंग शरमला. त्यानं लाकडं उचलून जाळापासून लांब, तिरपी रचली. दुसऱ्या दिवशी काजळी कमी झाली, पण धापूबाई दारातूनच मागं फिरली.

"हरिसिंग, हे लसणाचा वास कुठून येऊन राह्यला?"

"गॅसचा वास हाय थो, माजी."

"कशाचाबी असो. या घरात लसूण कधी आला नाई. मी नाई बसत इथं."

हरिसिंगला हसू आलं, पण जिनदासचं तोंड पाहून त्यानं ते गिळलं. गॅस पुरा जळला तर वास राहत नाही, वास येतो म्हणजे कुठून तरी तो न जळताच बाहेर पडतो आहे, हे त्यानं समजावून सांगितलं. जाळ विझवला, दारं-खिडक्या उघडून खोली मोकळी होऊ दिली, मग नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावत बसला. भिंतीजवळच्या एका सांध्यावर बुडबुडे आले. तो सांधा खोलून त्यानं सुताला सफेद्याचा लेप लावून ते घट्ट गुंडाळलं आणि पुन्हा आवळला. दुसऱ्या सकाळी, सफेदा वाळल्यावर, तो परत आला.

नळीच्या तोंडाशी एक पितळी कडी होती. ती फिरवली की हवेचं भोक लहानमोठं होई. हरिसिंग गुडघ्यांवर वाकून ती केसभर इकडे, केसभर तिकडे करत होता. भोक फार उघडलं की जाळ फडफडून विझे, फार मिटलं की पिवळा होई. जिनदास मागं उभा राहून वाकून पाहत होता. हळूहळू जाळ निळा झाला, आखडला, एकसारखा झाला. मातीची लाकडं आतून लाल दिसू लागली. वास नव्हता, धूर नव्हता.

"आता पाय आई," जिनदास म्हणाला. "हात लावाचं काम नाई."

तेवढ्यात मागच्या फाटकाकडून आवाज आला. सोजरबाईचा. चौकीदार तिला सांगत होता, "शेठ म्हनते, आता लाकूड नको. गॅस बसवला."

"कायमचं नको?"

"कायमचं."

धापूबाई उठली. गुडघे सरळ करून मागच्या दारात येईस्तोवर सोजरबाई मोळी पुन्हा डोक्यावर घेऊन वळली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारून सांगायचं काय? लाकूड नको हे खरंच होतं. आत मुलगा होता, फिटर होता, नवा जाळ होता. ती दाराची कडी धरून उभी राहिली आणि मोळी रस्त्याच्या वळणापर्यंत जाताना पाहत राहिली.

त्या हिवाळ्यात तिचे गुडघे खरोखर बरे राहिले. हरिसिंग अधूनमधून येऊन पिंपात कार्बाइडचा उरलेला चुना काढी, नवं कार्बाइड भरी आणि "ठीक हाय न माजी?" विचारून जाई. ठीकच होतं. सकाळचं जपध्यानाचं सामायिक झालं की ती भट्टीपुढं बसे. जाळ वाढत नव्हता, कमी होत नव्हता. लाकूड सारावं लागत नव्हतं, निखारा ओढावा लागत नव्हता. ती बसे आणि थोड्या वेळानं उगाच उठे, मग पुन्हा बसे. कधी कधी तिच्या ओठांवर एखादं वाक्य येई. "आज महाराजानं डाळीत मीठच नाई टाकलं" असलंच काही. आणि ते तसंच परत आत जाई. जिनदास घरी असला की आईला ऊब लागते ना म्हणून हात भट्टीपुढं धरून बघे आणि खूश होई. त्याला काही सांगणं तिच्या जिवावर येई.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी ती बैलगाडी जुंपवून गावात गेली. सोजरबाई चिंचेखाली मोळी टेकवून बसली होती.

"तुले आता लाकूड कायले पायजे माय?"

"लाकूड नको. तू येत जाय न. अशीच. बसाले."

सोजरबाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "बसाले?"

"हो."

आणि सोजरबाई आली. रिकाम्या हातानं, धुतलेला घागरा घालून. धापूबाई वरच्या पायरीवर बसली, ती खालच्या. पाणी झालं. फुटाणे झाले. लेकीचं विचारून झालं, ती बरी होती. जिनदासचं विचारून झालं, तोही बरा होता. मग दोघीही गप्प झाल्या. सोजरबाई बांगड्या मागंपुढं करत राहिली. धापूबाईनं लुगड्याच्या काठाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पूर्वी बोलता बोलता कुणी थांबलं तर हात चालू असत आणि बोलणं पुन्हा कुठून तरी उगवे. आता थांबलं की थांबलंच. दोघींना एकमेकींकडे पाहणंही अवघड झालं.

"जातो माय," सोजरबाई म्हणाली. "रानात जाचं हाय."

"येजो."

"येईन न."

ती परत आली नाही, आणि धापूबाईनंही तिच्याकडे निरोप धाडला नाही. दोष तिचा नव्हता, आपलाही नव्हता, हे तिला कळत होतं. त्यामुळे कुणावर रागावून मन मोकळं करण्याचीही सोय उरली नाही.

मग लढाई लागली. कार्बाइड आधी महाग झालं, मग मिळेनासंच झालं. जिनदासनं पुन्हा लाकडं घ्यायचं ठरवलं, तेव्हा धापूबाईनं चौकीदाराला तांड्यावर पाठवलं. तो सांगत आला की सोजरबाई तर केव्हाच लेकीकडं केनवडला गेली, तिथंच राहते. धापूबाईनं लाकडं नको म्हणून सांगितलं. तिनं आपली खाट पूर्वेच्या खोलीत हलवली. तिथं सकाळचं ऊन येई.

त्याच हंगामात जिनदासच्या गाड्या केनवडला कापूस आणायला निघाल्या. धापूबाई म्हणाली, "मीबी येतो."

"तू? कायले? हाडं खिळखिळी होतीन रस्त्यानं."

"रिठद लागते वाटेत. डोळ्यानं पाहीन एकदा."

रिठद लागलं तेव्हा तिनं गाडी थांबवली नाही. केनवडला पोचल्यावर मात्र तिनं विचारत विचारत सोजरबाईच्या लेकीचं घर काढलं. अंगणात कापसाचा ढीग होता आणि सोजरबाई एकटीच त्यातला पालापाचोळा वेचत बसली होती. तिची नजर मंदावली होती. गाडीतून उतरलेली बाई कोण, हे तिला आवाज ऐकल्यावरच कळलं.

"माय? तू इथं कशी?"

"आली."  धापूबाई ढिगाच्या या बाजूला खाली मातीवरच बसली आणि हाताला आला तो कापूस तिनं पुढं ओढला. कापसात कचरा फार होता. बोंडाची वाळली सालं, पानांचा चुरा, काड्या. बराच वेळ दोघी नुसत्या वेचत राहिल्या. मग सोजरबाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "लेकीची सासू गेली ना पोळ्याच्या आधी." आणि धापूबाईनं विचारलं, "दम्यानंच काय?" आणि मग जे सुरू झालं ते गाड्या भरून होईस्तोवर थांबलं नाही. महाराजाच्या बिनमिठाच्या डाळीपासून सगळं निघालं. सोजरबाई पूर्वीसारखी पदर तोंडाला लावून हसली. जिनदास दोनदा बोलवायला आला. दुसऱ्यांदा तो कुंपणापाशीच थांबला. आई इतकं बोलते, हे त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो तसाच मागं फिरला आणि गाडीवानांना म्हणाला, "बैलाइले पाणी पाजा आणखी."

पण रात्रीचं ती काही खात नसे, सूर्य मावळायच्या आत तिला खायला हवं होतं, आणि वाट लांबची होती. निघताना सोजरबाई तिला हात धरून गाडीपर्यंत पोचवायला आली. पुन्हा येते असं धापूबाई म्हणाली नाही. सोजरबाईनंही ये म्हटलं नाही. गाडी हलल्यावर ती परत जाऊन ढिगापाशी बसली.

पुढच्या हिवाळ्यात धापूबाईचं गुडघ्यांचं दुखणं इतकं वाढलं की तिचं गाडीत चढणं बंद झालं. सेहेचाळीस साली ती बंगल्यातच वारली. पानाबाई अकोल्याहून सेवेला आली होती. ती सांगे की शेवटल्या दिवसांत सासूबाई जिनदासला जवळ बसवून एकच गोष्ट विचारत, कापसाच्या गाड्या केनवडला कधी जाणार. तो सांगे, उद्या. मग त्या डोळे मिटून घेत.